उभ्या जन्माचे पाय

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



आरोग्याच्या विषयावर बोलायला एरवी डॉक्टरमंडळींना बोलावतात. मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. पण पायांवरच्या फुगलेल्या शिरा हा विषय आमच्या घरात दोन पिढ्या मुक्कामाला आहे. त्यावरची जुनी शस्त्रक्रिया माझ्या पायावर झाली आणि नवी माझ्या थोरल्या बहिणीच्या पायावर. तेव्हा रोग्याच्या बाजूने चार गोष्टी सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे, असे धरून बोलतो. निदान आणि उपचार डॉक्टरांनीच करायचे. त्यांना काय विचारावे, एवढे मात्र मी सांगू शकेन.

'उभा जन्म कष्टात गेला' असे आपण म्हणतो. त्यातल्या 'उभा' या शब्दाचा अर्थ अख्खा, सबंध असा. पण काही माणसांच्या बाबतीत तो शब्द अक्षरशः खरा असतो. पाचोऱ्याच्या बाजारातून एक चक्कर मारा. भट्टीपुढे भजी तळणारा, इस्त्रीवाला, केस कापणारा, साडीच्या दुकानात सकाळी दहा ते रात्री नऊ काउंटरमागे असणारी मुलगी, चौकातला वाहतूक पोलीस, हे सारे उभे. जिनिंगमधल्या बाया उभ्या, केळीचे ट्रक भरणारे उभे, एसटीचा कंडक्टर उभा, फळ्यापुढचे गुरुजी उभे. आणि घरातली बाई? पूर्वी चूल जमिनीवर होती, बाई बसून भाकरी थापायची. ओटा आला आणि तीही उभी राहिली. मी स्वतः बारा-तेरा वर्षे छापखान्यात खिळे जुळवले. समोर केस, डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणाखणांतून फिरतोय आणि कमरेखालचा माणूस खांबासारखा स्थिर. लग्नसराईत पत्रिकांचे काम आले की चौदा-चौदा तास.

नुसते उभे राहिल्याने हा आजार होतो, असे मात्र नाही. आईवडिलांकडून येणारा वारसा, वय, बाळंतपणे, वजन या गोष्टी त्यात असतात. उभे राहणे त्यात भर घालते.

आता होते काय, ते पाहू. आपल्याकडे रक्तवाहिन्यांना फार देखणी नावे आहेत. हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी आणि हृदयाकडे परत आणते ती नीला. दोन्ही नावे एखाद्या घरच्या लेकींची वाटावीत. रोहिणीचे काम सोपे, मागे हृदयाचा जोर असतो. नीलेला पावलापासून छातीपर्यंतचा चढ चढायचा असतो. ते कसे जमते, हे आपल्या शेतकऱ्याला एका शब्दात समजेल : फुटव्हॉल्व्ह. विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी तो असतो. पाणी वर जाऊ देतो, खाली उतरू देत नाही. पायाच्या नीलेत अशा झडपा एकीवर एक, शिडीसारख्या बसवलेल्या आहेत. आणि मोटार म्हणजे पोटरी. आपण चालतो तेव्हा पोटरीचा स्नायू आवळतो आणि रक्त वर ढकलतो. सैल पडतो तेव्हा झडपा मिटतात आणि वर गेलेले रक्त खाली येत नाही. माणूस एका जागी उभा राहिला की मोटार बंद. रक्ताचा सगळा भार नीलेच्या भिंतीवर.

फुटव्हॉल्व्ह गळका झाला की मोटार बंद करताच पाइपातले पाणी विहिरीत उतरते, तसेच इथे होते. एक झडप निकामी झाली की खालचीवर भार येतो, मग तीही जाते. शीर ताणते, लांबते, वेडीवाकडी होते आणि कातडीखाली गांडुळांच्या गुंत्यासारखी दिसू लागते. संध्याकाळी पाय जड होतात, रात्री पोटरीत गोळे येतात, घोट्याशी खाज सुटते. पुढे तिथली कातडी काळपट, कडक होते, आणि एखाद्या दिवशी साध्या खरचटण्याचे निमित्त होऊन घोट्याच्या आतल्या बाजूला जखम होते. ती भरत नाही.

माझ्या अम्मीच्या पायाला ती जखम अकरा वर्षे होती. कडुलिंबाच्या पाल्याचे पाणी, हळद, जुन्या धोतराच्या पट्ट्या. वजू करताना दिवसातून पाच वेळा पाय हातात यायचा, तरी पायाला काय झाले आहे ते तिने कोणाला धड दाखवले नाही. पट्टीवरून ओला हात फिरवला तरी चालते, हे तिला मौलवीसाहेबांनी सांगितले होते. जखमेचे मूळ वरच्या शिरेत आहे, हे सांगणारे कोणी भेटले नाही. १९९१ साली ती गेली, दुसऱ्या आजाराने. तेव्हाही पट्टी बांधलेलीच होती. आपल्या बायकांचे हे दुखणे असेच लुगड्याखाली, सलवारीखाली झाकलेले असते. दिसले तरी 'नसा फुगल्यात, वयाने होते' म्हणून सोडून देतात.

जखम वर भरायची आणि गळती खाली तशीच ठेवायची, यात अर्थ नाही, हे आता चांगले सिद्ध झाले आहे. इंग्लंडात ४५० रोग्यांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. सगळ्यांना दाबपट्टी बांधलीच होती. त्यातल्या निम्म्यांची बिघडलेली शीर लगेच बंद केली, उरलेल्यांची जखम भरेपर्यंत थांबून. लगेच उपचार झालेल्यांच्या जखमा साधारण ५६ दिवसांत भरल्या, थांबलेल्यांच्या ८२ दिवसांत. अम्मीची अकरा वर्षे मी या आकड्यांशेजारी ठेवून पाहतो.

शस्त्रक्रियेच्या आधी एका तपासणीवाचून पुढे जाऊ नये. ती म्हणजे पायाची डॉप्लर सोनोग्राफी, आणि तीही रोग्याला उभे करून. पायात नीलांची दोन जाळी असतात, एक खोल, स्नायूंच्या आत, आणि दुसरे कातडीखाली. वरच्या जाळ्यात दोन मुख्य वाहिन्या. पायाच्या आतल्या बाजूने घोट्यापासून जांघेपर्यंत जाते ती मोठी सॅफेनस. पोटरीच्या मागून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत जाते ती छोटी सॅफेनस. कोणत्या वाहिनीची कोणती झडप गळते आहे आणि खोल नीला मोकळ्या आहेत की नाहीत, हे डॉप्लर दाखवते. बाहेर दिसणारा गुंता पोटरीवर असतो आणि गळती बहुधा वर जांघेत असते. खोल नीलेत गुठळी असेल तर सगळा विचारच बदलतो. म्हणून नुसता पाय पाहून 'उद्या या, लेझर करून टाकू' असे कोणी म्हणाले, तर अगोदर नकाशा मागावा.

'सॅफेनस' या शब्दाचे मला फार कुतूहल होते. इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथात, म्हणजे हजार वर्षांपूर्वी, ही शीर 'साफिन' या नावाने येते. त्या शब्दाचा अर्थ काही जण 'लपलेली' असा लावतात. काही जण मूळ ग्रीक शब्दाकडे नेऊन नेमका उलटा, 'स्पष्ट दिसणारी' असा लावतात. पंडितांचा वाद मिटलेला नाही. मला तिसरीच गंमत वाटते. अरबीत 'साफिन' असे घोड्यालाही म्हणतात, तीन पायांवर उभा राहून चौथ्याचे खूर नुसते टेकवणाऱ्या घोड्याला. टांग्याच्या अड्ड्यावर तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. उभे राहावे लागले तर एका पायाला विसावा द्यावा, हे घोड्याला कळते.

शस्त्रक्रियेचा इतिहासही जुना आहे. सुश्रुतसंहितेत 'सिराज ग्रंथी' म्हणून या गाठींचे वर्णन सापडते. रोमचा सेनापती मॅरियस याची कथा प्लुटार्कने सांगितली आहे. त्याचे दोन्ही पाय शिरांनी भरलेले होते. बांधून न घेता, न हलता त्याने एक पाय कापू दिला. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र तो नको म्हणाला : एवढ्या वेदनेच्या मोलाचा हा गुण नाही. कॉर्डोव्याच्या अल-जहरावीने, इसवी सन १०००च्या सुमारास, छोट्या छेदांतून शीर आकड्याने उचलून ओढून काढण्याची रीत लिहून ठेवली. पुढे जर्मनीत ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९०च्या सुमारास मोठी सॅफेनस बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकी शल्यवैद्यांनी शिरेत तार घालून ती पूर्ण ओढून काढायला सुरुवात केली.

तीच शस्त्रक्रिया २००६ साली माझ्या उजव्या पायावर झाली. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. जांघेत एक छेद घेऊन मोठी सॅफेनस खोल नीलेला मिळते तिथे बांधली, मग तार घालून गुडघ्यापर्यंतची शीर काढली. खालचे गुंते बारीक टोच्यांतून आकड्याने उपसले. दोन रात्री दवाखान्यात, मांडी आठ दिवस जांभळी-निळी, कामावर तीन आठवड्यांनी. घोट्याच्या वर रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे, कारण तिथे शिरेला खेटून एक संवेदनेची नस जाते. पण पाय हलका झाला, तो आजपर्यंत. मधल्या काळात दोन नव्या शिरा डोकावल्या, त्यांत फेसाचे इंजेक्शन घेतले. जुनी म्हणून या शस्त्रक्रियेला नावे ठेवायचे कारण नाही. ज्यांची शीर फार वेडीवाकडी किंवा फार मोठी आहे, त्यांना आजही ती उपयोगी पडते.

आपाची गोष्ट २०२२ ची. तिच्या घोट्याशी अम्मीसारखीच जखम झाली आणि ती शब्दही बोलेना. तिच्या सुनेने तिला धरून जळगावला नेले. डॉप्लर झाली, डॉक्टरांनी चित्र काढून समजावले की ही शीर आतून बंद करायची. आपाने विचारले,

"डॉक्टरसाहेब, नस बंद केली तर रक्त जाईल कुठून?"

हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो आणि फार थोडे विचारतात. डॉक्टर आमच्याच भागातले निघाले. म्हणाले, "मावशी, तुमची पाचोरा-जामनेर पीजे बंद झाली, म्हणून भुसावळ-मनमाडच्या गाड्या थांबल्या का?"

आपा खुदकन हसली. पीजे ही आमची नॅरोगेज गाडी २०२० साली थांबली, तिच्याविषयी पाचोऱ्यात अजून सगळे हळहळतात. पण उपमा अचूक होती. पायातले बहुतेक रक्त खोल नीलांतूनच वर जाते, ती मेन लाइन. वरची शीर निकामी झालेली असते तेव्हा ती रक्त वर नेत नसते, उलट खाली सोडत असते. ती बंद केल्याने मेन लाइनवरचा भार कमी होतो. हीच सॅफेनस शीर हृदयाच्या बायपाससाठी काढून वापरतात, यावरून तिच्यावाचून पायाचे चालते हे लक्षात येईल. अर्थात याच कारणासाठी निरोगी शिरेला हात लावू नये.

आपाला लेझर केले. गुडघ्याजवळ सुईच्या टोचणीतून एक बारीक तंतू सोनोग्राफीत पाहत जांघेपर्यंत सरकवला. शिरेभोवती बधिर करणारे औषध मिसळलेले सलाइन भरले. त्याने दुखत नाही आणि आजूबाजूच्या भागाला उष्णता पोचत नाही. मग तंतू मागे ओढत ओढत शीर आतून भाजून बंद केली. तासाभराचे काम. टाका नाही. आपा स्वतःच्या पायांनी खोलीबाहेर आली आणि संध्याकाळच्या गाडीने पाचोऱ्याला परतली. जखम दोन महिन्यांत भरली. मॅरियससारखे तिने केले नाही, सहा महिन्यांनी दुसरा पायही दिला.

लेझरचा सख्खा भाऊ म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सी. त्यात तंतूऐवजी नळी असते, तिचे टोक १२० अंशांपर्यंत तापते आणि सुमारे सात-सात सेंटिमीटरचा भाग एकेका वेळी बंद होतो. दोहोंच्या गुणात फार फरक नाही. पहिल्या आठवड्यातले दुखणे रेडिओफ्रीक्वेन्सीत थोडे कमी, असा अनुभव सांगतात. आपल्या डॉक्टरांचा हात ज्यावर बसला आहे ते घ्यावे, असे माझे मत. ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेने २०१३ साली क्रम लावून दिला : शक्य असेल तर आधी उष्णतेने शीर बंद करणे, ते जमत नसेल तर फेस, तेही जमत नसेल तर शस्त्रक्रिया.

फेस म्हणजे शिरेच्या अस्तराला चिकटवून टाकणारे औषध हवेत घुसळून केलेला साबणासारखा फेस. तो सुईने भरतात. खर्च सगळ्यांत कमी, भूल नको, म्हाताऱ्या माणसाला सोयीचा. पण मोठ्या शिरेत तो पुन्हा पुन्हा घ्यावा लागू शकतो. ब्रिटनमध्येच सुमारे ८०० रोग्यांची पाच वर्षे पाहणी केली, त्यात लेझर आणि शस्त्रक्रिया झालेल्यांचे पाय फेसवाल्यांपेक्षा बरे राहिल्याचे २०१९ साली दिसले. चौथा प्रकार डिंकाचा, म्हणजे शिरेत वैद्यकीय गोंद सोडून ती चिकटवणे. उष्णता नाही, भोवती टोचण्या नाहीत, पण महाग, आणि काहींना त्याची ॲलर्जी येते.

कोणत्याही उपायानंतर काही वर्षांनी नव्या शिरा फुगू शकतात. 'एकदा केले की जन्माचा निकाल' असे सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. खोल नीलेत गुठळी होण्याचा थोडा धोका प्रत्येकात असतो, म्हणून त्याच दिवशी चालायला लावतात. उपचारानंतर किंवा एरवीही एक पाय अचानक सुजला, दुखू लागला किंवा धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नये. गरोदर बाईचे सहसा बाळंतपण होईपर्यंत थांबतात, पुष्कळदा शिरा आपोआप उतरतात.

ज्यांना शस्त्रक्रिया नको किंवा जमत नाही त्यांना दाबमोजे. काम चांगले करतात, पण झडप दुरुस्त करत नाहीत. जळगाव जिल्ह्याच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात ते दिवसभर घालायला सांगणाऱ्याने एकदा स्वतः घालून पाहावेत, असे मला नेहमी वाटते. आणि एक जपणूक : मधुमेह असलेल्यांनी, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी पायाची नाडी तपासून घेतल्याशिवाय घट्ट मोजे घालू नयेत. रोहिणीच अरुंद झाली असेल तर मोज्याने पाय गमवायची वेळ येते.

पैशांचे म्हणाल, तर खासगीत लेझर आणि डिंक सामान्य माणसाला जड जातात. धुळ्याला जुने शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि डॉप्लरचा कागद घेऊन आधी त्याला भेटावे आणि आपल्याला सांगितलेली नेमकी पद्धत योजनेत बसते का, ते विचारावे.

अशा शिरा असलेल्या प्रत्येक घराला आणखी एक गोष्ट माहीत हवी. घोट्याजवळची पातळ झालेली शीर कधी न्हाणीघरात फुटते आणि रक्ताची चिळकांडी उडते. माणूस घाबरून उभा राहतो किंवा खुर्चीवर बसतो आणि रक्त वाहतच राहते. त्याला तिथेच आडवे करावे, पाय छातीपेक्षा उंच धरावा आणि स्वच्छ फडक्याने त्या जागेवर दहा-पंधरा मिनिटे घट्ट दाबून ठेवावे. मांडीला दोरी आवळू नये. रक्त थांबल्यावर दवाखाना गाठावा.

उभ्याने काम करणाऱ्यांनी तासाभराने टाचा उचलून पंचवीस-तीस वेळा खाली-वर कराव्यात, पोटरीची मोटार सुरू होते. जेवणानंतर पाय मोकळे करायला जावे. पण बसायला स्टूलच नसेल तर एकट्या कामगाराने काय करावे? १९४८ चा कारखाना कायदा २०२५ पर्यंत लागू होता. उभ्याने काम करणाऱ्याला कामात उसंत मिळाली तर बसायची सोय असावी, असे त्याचे ४४ वे कलम सांगत असे. दुकानांचे काय, हा प्रश्न केरळात कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या बायांनी विचारला. विजी नावाच्या, शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पुढाकाराने त्यांची 'पेनकूट्टु' ही संघटना उभी राहिली. २०१८ साली केरळ सरकारला दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून विक्रेत्यांना बसण्याचा हक्क द्यावा लागला. तामिळनाडूने २०२१ साली तसेच केले. आपल्याकडे पुढच्या वेळी साडी घ्यायला जाल, तेव्हा काउंटरच्या मागे वाकून पाहा, तिथे स्टूल आहे का. नसेल तर शेटजींना विचारा. गिऱ्हाइकाने विचारलेले ते ऐकतात.